वाइनच्या बाटलीचं लेबल वाचता आलं पाहिजे: घरच्या स्टुडिओत लाइट कसा लावायचा



'घरच्या घरी प्रॉडक्ट फोटो' हा व्हिडिओ टाकल्यापासून सगळ्यात जास्त प्रश्न आले ते काचेच्या बाटलीबद्दल. मसाल्याचं पाकीट जमतं, साबण तर पहिल्याच दिवशी जमतो. पण बाटली समोर ठेवली की तिच्यात खिडकी दिसते, पंखा दिसतो, मोबाइल धरून उभे असलेले आपण दिसतो, आणि लेबलच्या बरोबर मधोमध एक पांढरा पट्टा येतो. नेमकं ब्रँडचं नाव त्या पट्ट्याखाली जातं.

आज मुद्दाम सगळ्यात अवघड बाटली घेऊ या, वाइनची. गडद काच, वळलेलं लेबल, त्यावर सोनेरी अक्षरं, कधी उठावाची छपाई. ही बाटली ज्याला जमली त्याला मध, काकवी, कोकम सरबत, घाण्याचं तेल हे सगळं जमतं. दुसरं कारण धंद्याचं आहे. नाशिक, दिंडोरी, निफाड, विंचूर या पट्ट्यात वायनरी आहेत. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, त्यानंतर हा उद्योग इथे वाढत गेला. मोठ्या कंपन्यांकडे त्यांच्या एजन्सी असतात. छोट्या वायनरीला मात्र चार-सहा बाटल्यांचे नीट फोटो वेळेवर काढून देणारा जवळचा माणूस हवा असतो. तो माणूस तुम्ही होऊ शकता, पण एका अटीवर: लेबल वाचता आलं पाहिजे.

फोटो छान आहे, मूड आहे, मागे द्राक्षांचा घड आहे, आणि समोरचा माणूस म्हणतो, "मॅडम, पण आमचं नाव कुठंय?" असं झालं तर ते काम पुन्हा येत नाही.

बाटलीवर लाइट मारू नका

नवीन माणूस काय करतो? बाटली अंधारी दिसते म्हणून तिच्यावर लाइट मारतो. लाइट वाढवला की बल्बचं प्रतिबिंब वाढतं, बाटली तशीच काळी राहते. याचं कारण समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

काच म्हणजे अर्धा आरसा. आरशावर टॉर्च मारला तर आरसा उजळत नाही, टॉर्च दिसतो. आरशात तेच दिसतं जे त्याच्यासमोर आहे. म्हणजे काच कशी दिसावी हे ठरवायचं असेल तर काचेला काय दिसतंय ते ठरवायला हवं. पांढरा थर्माकोल दिसला तर काचेवर पांढरी रेघ येईल, काळी कार्डशीट दिसली तर काळी कड येईल, तुमचा फुलाफुलांचा पडदा दिसला तर पडदा येईल.

लेबलचं गणित वेगळं. लेबल कागद आहे. साधा, खरखरीत कागद लाइट सगळीकडे पसरवतो, त्यामुळे त्यावर लाइट पडायलाच हवा. म्हणजे एकाच वस्तूत दोन स्वभाव आले: एकाला लाइट द्यायचा, दुसऱ्याला लाइट दाखवायचा. दोन्ही कामं एकाच बल्बने करायला गेलात की पट्टा येतो. लेबलचा लाइट वेगळा, काचेचा लाइट वेगळा, हे डोक्यात पक्कं करा.

बाटली आडवी वळते, उभी वळत नाही

आता जरा शाळेतली भूमिती. प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात परत जातो, हे आपण शिकलोय. बाटली गोल आहे, म्हणून तिच्या प्रत्येक उभ्या रेषेचं तोंड वेगळ्या दिशेला आहे. त्यामुळे लाइट तुम्ही कॅमेऱ्याच्या डावी-उजवीकडे कुठेही ठेवा, बाटलीवरची कोणती तरी एक उभी रेषा त्याला कॅमेऱ्यात पाठवणारच.

ती रेषा कुठे येईल? कॅमेऱ्यापासून लाइट जितक्या अंशांवर, त्याच्या निम्म्या अंशावर. सगळे शिकवतात तसा लाइट ४५ अंशांवर ठेवला, तर चमक साडेबावीस अंशांवर येते. समोरून पाहिलं तर बाटलीच्या मध्यापासून कडेपर्यंतच्या अंतराच्या ३८ टक्क्यांवर. म्हणजे थेट लेबलवर! लाइट अगदी बाजूला, ९० अंशांवर नेला, तरी चमक ७१ टक्क्यांवर येते. ७५० मिलीच्या नेहमीच्या बाटलीचा व्यास साधारण साडेसात सेंटिमीटर धरा आणि पुढचं लेबल ९ सेंटिमीटर रुंद धरा, तर लेबल बाटलीच्या दिसणाऱ्या रुंदीच्या ९३ टक्क्यांपर्यंत पोचतं. बाजूचा लाइट मग जाणार कुठे? लेबलला ग्लॉसी लॅमिनेशन असेल तर पट्टा येणारच.

इथे बाटलीच आपल्याला मदत करते. ती आडवी वळते, पण उभी सरळ आहे. लाइट वरून आला तर तो खालीच परावर्तित होतो, कॅमेरा लेबलच्या उंचीला असेल तर त्याच्यापर्यंत पोचत नाही. मग तो लाइट डावीकडे असो, मधे असो की उजवीकडे. उंचावर आहे ना, मग झालं. लेबल उजळतं, चमक टेबलाकडे निघून जाते.

म्हणून लेबलचा लाइट वरून, कॅमेऱ्याच्या बाजूने. बाटलीपासून साधारण दोन फूट पुढे आणि लेबलपेक्षा दोन फूट वर.

करून पाहा. एका हातात मोबाइलचा टॉर्च धरा, बाटलीसमोर डोळे लेबलच्या उंचीला आणून बसा. टॉर्च डावीकडून उजवीकडे फिरवा, चमक लेबलवरून सरकताना दिसेल. आता टॉर्च वर उचला. चमक लेबलवरून वर सरकत जाईल आणि सरळ भागावरून नाहीशी होईल. हा दोन मिनिटांचा प्रयोग केल्याशिवाय पुढे वाचू नका, खरंच.

चमक नाहीशी झाली तरी एका जागी उरते, ती म्हणजे बाटलीच्या खांद्यावर. खांदा उभ्या दिशेनेही वळतो, त्यामुळे तिथे वरचा लाइट पकडला जातो. सरळ उभ्या, उंच खांद्याच्या बोर्डो बाटलीत हा ठिपका लहान असतो. उतरत्या खांद्याच्या बर्गंडी बाटलीत तो लांब ओघळतो. त्यावर उपाय सोपा आहे. पोस्टकार्डाएवढा काळ्या कार्डशीटचा तुकडा काठीला लावा आणि लाइट व खांदा यांच्यामध्ये धरा. खांद्यावर सावली, लेबलवर लाइट. फोटोवाले याला फ्लॅग म्हणतात.

सामान

विकत घ्यायची घाई नको. १५ ते २० वॉटचे दोन एलईडी बल्ब घ्या, एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे. खोक्यावर सीआरआय ९० किंवा जास्त लिहिलेलं असेल तर उत्तम. सीआरआय कमी असला की मरून रंगाचं लेबल चॉकलेटी दिसतं आणि मग तुम्ही एडिटिंगमध्ये तासभर रंगाशी झगडता.

बल्बपुढे ट्रेसिंग पेपर हवा. तीन फूट रुंद, दीड फूट उंच अशी लाकडी पट्ट्यांची चौकट करून त्यावर ताणून लावा. चौकट आडवी असू द्या, कारण लेबल दोन्ही बाजूंना वळलेलं आहे आणि मधल्या एका बल्बने त्याच्या बाजू काळवंडतात. रुंद चौकटीमागे दोन बल्ब थोडे लांब लांब ठेवले की डावी-उजवी बाजूही उजळते. आणि उंचावर असल्याने पट्टा येत नाही, हे आपण वर पाहिलंच. ट्रेसिंग पेपर नसेल तर किचनमधला बटर पेपरही चालतो, फक्त त्याच्या सुरकुत्या काढा. बल्ब कागदाला चिकटवू नका, निदान एक फूट मागे ठेवा.

लेबलच्या खालच्या भागाला लाइट कमी मिळतो. बाटलीच्या पुढ्यात, फ्रेमच्या बाहेर, टेबलावर पांढरा थर्माकोल आडवा टाका. तो खालून वर लाइट फेकतो. त्याचंही प्रतिबिंब कॅमेऱ्यात येत नाही, कारण तेच, उभ्या दिशेचं गणित.

बाकी काळ्या आणि पांढऱ्या कार्डशीट, कपड्यांचे चिमटे, डबल टेप, एक ट्रायपॉड. चौकट अडकवायला कपडे वाळत घालायचा स्टँड चालतो.

खोलीतली ट्यूबलाइट बंद करा, पडदे लावा, पंखा बंद करा. भिंत पोपटी किंवा गुलाबी असेल तर तिच्यापुढे पांढरी चादर टांगा, नाहीतर क्रीम रंगाच्या लेबलवर तो रंग उतरतो. आणि अंगात काळा टी-शर्ट घाला. स्टाइलसाठी नाही हो, बाटलीत तुम्हीच दिसता म्हणून.

बाटली तयार करणं

वायनरीला प्रत्येक प्रकाराच्या तीन-तीन बाटल्या मागा. त्यांना आश्चर्य वाटतं, कारण त्यांच्या मते सगळ्या सारख्याच. कॅमेऱ्याला तसं दिसत नाही. एकीचं लेबल अर्धा मिलिमीटर तिरकं असतं, एकीच्या कॅप्सूलला, म्हणजे बुचावरच्या आवरणाला सुरकुती असते, एकीच्या लेबलचा कोपरा सुटलेला असतो. तिघींतली सगळ्यात नीट घ्यायची. हे एडिटिंगमध्ये करायला गेलात तर एका सुरकुतीला अर्धा तास जातो. भरलेल्या बाटल्या घरी न्यायच्या असतील तर एक्साइजचे नियम काय आहेत ते वायनरीच्या माणसाला आधी विचारा, नाहीतर सरळ वायनरीतच एक खोली मागून घ्या.

काच मायक्रोफायबर कापडाने पुसा, पण लेबलवर ओलं काही नेऊ नका. लेबलवरची धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटका. नंतर बाटलीला उघडा हात लावायचा नाही, सुती हातमोजे घाला. गडद काचेवर बोटाचा ठसा पोलिसांना सापडावा इतका स्पष्ट येतो.

मग लेबल कॅमेऱ्यासमोर बरोबर मधे आणा. स्क्रीनवर ग्रिड लावा आणि लेबलच्या डाव्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंतचं अंतर उजवीकडच्या अंतराशी जुळेपर्यंत बाटली केसभर फिरवत राहा. जुळली की बाटलीखाली डबल टेपचा बारीक तुकडा लावा.

कॅमेरा

मोबाइल चालेल. पण १एक्स सोडा आणि २एक्स किंवा ३एक्स लेन्स वापरून चार-पाच फूट लांब जा. जवळून काढलं की लेबलच्या वरच्या-खालच्या कडा धनुष्यासारख्या वाकतात आणि बाटली पोट सुटल्यासारखी दिसते. कॅमेऱ्याची उंची लेबलच्या मध्याएवढी. टेबलाकडे वरून बघत काढलेल्या फोटोत लेबलच्या कडा खाली झुकतात, जणू लेबल हसतंय. लांब गेलात आणि समपातळीत आलात की कडा बऱ्याच सरळ होतात.

मोबाइलवर लेबलवरच बोट दाबून धरा, फोकस आणि एक्सपोजर लॉक करा, मग ब्राइटनेस थोडा खाली ओढा. पांढऱ्या कागदाचा पोत दिसला पाहिजे. सगळं लेबल कोऱ्या चुन्यासारखं झालं तर लाइट जास्त आहे. दोन किंवा तीन सेकंदांचा टायमर लावा, बोटाच्या धक्क्याने फोटो हलतो.

डीएसएलआर किंवा मिररलेस असेल तर आयएसओ १००, एफ/८ ते एफ/११, आणि ट्रायपॉड असल्याने शटर कितीही संथ चालेल. स्वस्त एलईडी आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला दिसत नाही. शटर १/१०० पेक्षा वेगवान ठेवलं तर फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. पहिला फोटो बाटलीजवळ ग्रे कार्ड ठेवून काढा आणि त्यावरून रंग जुळवा.

आता काच

लेबल झालं. पण काळ्या बॅकग्राउंडवर काळी बाटली ठेवली तर लेबल हवेत तरंगतं. बाटलीला कड हवी.

काळ्या बॅकग्राउंडसाठी बाटलीच्या दोन्ही बाजूंना, पण तिच्या मागे, एक-एक पांढरा उभा थर्माकोल ठेवा आणि त्याला उजळवा. किती मागे? निम्म्या अंशांचं तेच गणित. थर्माकोल कॅमेऱ्यापासून १५० अंशांवर असेल तर चमक ७५ अंशांवर येते, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ९७ टक्क्यांवर. लेबल ९३ टक्क्यांवर संपलेलं असतं! चमक लेबलला न शिवता काचेच्या कडेला एक बारीक उभी रेघ बनते. बाटलीपासून फूटभर अंतरावर हे दोन तुकडे उभे करा आणि स्क्रीनवर बघत हळूहळू सरकवा. रेघ बारीक व सलग आली की थांबा. एका बाजूची थोडी रुंद, दुसरीची बारीक ठेवली तर बाटली जास्त गोल दिसते, असं माझं मत. काही क्लायंटना दोन्ही सारख्या आवडतात, भांडू नका.

कॅटलॉगसाठी पांढरं बॅकग्राउंड मागतात. तेव्हा उलटं करायचं. मागे ट्रेसिंग पेपर, त्याच्या मागे बल्ब, आणि बाटलीच्या दोन्ही बाजूंना फ्रेमच्या अगदी बाहेर काळ्या कार्डशीट. पांढऱ्यावर काळी कड येते. पांढरं बॅकग्राउंड गरजेपेक्षा रुंद ठेवलं तर ते काचेला वेढून आत शिरतं आणि कड पुसट होते, म्हणून फ्रेमएवढंच ठेवा.

व्हाइट वाइन किंवा रोझे फिकट काचेत असेल तर द्रवाचा रंग दाखवावा लागतो. बाटलीच्या आकाराचा, पण तिच्यापेक्षा थोडा लहान, असा पांढरा किंवा सोनेरी कार्डशीटचा तुकडा कापून बाटलीमागे लपवून उभा करा आणि त्यावर लाइट सोडा. द्रव आतून उजळल्यासारखा दिसतो. लेबल मात्र मागून लाइट आला की काळं पडतं, कारण कागद अपारदर्शक आहे. म्हणून लेबलचा वरचा लाइट इथेही लागतोच.

सोनेरी अक्षरं काळी का येतात?

हा प्रश्न आमच्या बॅचमधल्या एका ताईंनी विचारला होता. लेबल छान उजळलं, पट्टा नाही, आणि मधलं सोनेरी नाव मात्र चक्क काळं. त्यांना वाटलं छपाई खराब आहे.

छपाई बरोबर होती. सोनेरी फॉइल म्हणजे धातूचा पत्रा, पूर्ण आरसा. आपण वरचा लाइट मुद्दाम असा लावला की चमक कॅमेऱ्यात येऊ नये. मग फॉइललाही दिसतं काय? समोरची अंधारी खोली. म्हणून ते काळं. फॉइल सोनेरी दिसायला त्याच्यासमोर काहीतरी उजळ हवं. थर्माकोलच्या मोठ्या तुकड्याला लेन्सएवढं भोक पाडा, त्यातून कॅमेरा बघू द्या, आणि त्या थर्माकोलवर लाइट पाडा. अक्षरं एकदम पेटतात.

पण तोच थर्माकोल काचेवरही दिसणार, ग्लॉसी लेबलवरही दिसणार. म्हणून हा फोटो फक्त अक्षरांसाठी वेगळा काढायचा. सीपीएल फिल्टर लावून काम होईल असं बरेच जण सांगतात. तो काचेवरची, लॅमिनेशनवरची चमक काही कोनांत कमी करतो. धातूच्या चमकेवर तो तसा चालत नाही आणि काळं फॉइल सोनेरी तर करतच नाही.

उठावाची छपाई असेल तर आणखी एक फोटो: वरचा लाइट अजून वर आणि बाटलीच्या जवळ न्या, जवळजवळ डोक्यावर. लाइट कागदाला घासून गेला की प्रत्येक उठावाखाली बारीक सावली पडते. बोट फिरवावंसं वाटतं, इतका पोत येतो.

म्हणजे एका बाटलीचे तीन-चार फोटो झाले: लेबलचा, काचेच्या कडांचा, फॉइलचा, लागला तर उठावाचा. कॅमेरा आणि बाटली दोन्ही न हलवता काढलेत ना, मग ते एकावर एक तंतोतंत बसतात. फोटोशॉपमध्ये किंवा ब्राउझरवर फुकट चालणाऱ्या फोटोपीमध्ये लेयर रचा आणि मास्क लावून ज्या फोटोतला जो भाग चांगला तो ठेवा. ही फसवणूक आहे का, असं विचारतात. नाही. बाटली तीच, लेबल तेच, फक्त प्रत्येक भागाला त्याचा लाइट मिळाला.

फसवणूक कुठे होते ते सांगतो. लेबलवर मद्याचं प्रमाण, ७५० मिली, आरोग्याचा इशारा हे बारीक अक्षरांत असतं. 'स्वच्छ' दिसावं म्हणून यातलं काहीही पुसायचं नाही, पुसट करायचं नाही, क्लायंटने सांगितलं तरी. आणि एआयने बॅकग्राउंड बदलणारी अॅप्स वापरत असाल तर शेवटी लेबल शंभर टक्के झूम करून अक्षर न् अक्षर वाचा. ही अॅप्स बारीक अक्षरांची बेमालूम खिचडी करतात. लांबून छान दिसतं, वाचलं तर अर्थच नाही. वाइन सोडून मध-तेल विकणाऱ्यांनाही हे लागू आहे. ऑनलाइन विक्रीत पाकिटावरची माहिती ग्राहकाला दाखवावी लागते, २०११ च्या पॅकेज्ड कमोडिटीज नियमांत तसं आहे. म्हणून मागच्या लेबलचाही फोटो त्याच काळजीने काढा.

फोटो वापरायचा कुठे, हे आधी विचारा

आपल्याकडे दारूच्या जाहिरातीवर कायद्याने बंधनं आहेत. महाराष्ट्रातल्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात तसं कलम आहे, आणि टीव्हीसाठी केबल टेलिव्हिजनच्या १९९४ च्या नियमांत मनाई आहे. वाइनचा फोटो काढणं हे काम आहे, तो इन्स्टावर 'प्या आणि मजा करा' म्हणून टाकणं ही जाहिरात होऊ शकते. म्हणून ऑर्डर घेताना फोटो कुठे वापरणार हे लेखी घ्या: वितरकांचा कॅटलॉग, निर्यातीचं साहित्य, टेस्टिंग रूमचं मेनूकार्ड, की आणखी काही. परवानगीचा भाग वायनरीचा, हेही त्यात लिहा. तुमच्या पोर्टफोलिओत नमुना म्हणून कोकम सरबताची किंवा बिनलेबलाची बाटली ठेवा. कौशल्य तेवढंच दिसतं आणि डोक्याला ताप नाही.

दर

बाटलीमागे दर सांगू नका. समजा सहा बाटल्या आहेत. सेट लावायला दोन तास, प्रत्येक बाटलीच्या फोटोंना अर्धा तास, एडिटिंगला प्रत्येकी पाऊण तास. एकूण साडेनऊ तास. तुमच्या तासाचे ४०० रुपये धरले तर ३,८०० रुपये, म्हणजे बाटलीमागे ६३३. तुम्ही खुशीत '६५० रुपये बाटली' असा दर कळवता. पुढच्या महिन्यात तेच क्लायंट एकच बाटली पाठवतात. तिला लागले सव्वातीन तास, म्हणजे १,३०० रुपयांचं काम, आणि हातात ६५०. सेट लावायचे दोन तास बाटली एक असो की सहा, तेवढेच. म्हणून सेटअपचा आकडा वेगळा लिहा आणि बाटलीचा वेगळा.

वाइनमध्ये एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. बऱ्याच लेबलांवर द्राक्षं तोडली ते वर्ष छापलेलं असतं. नाशिककडे तोडणी साधारण जानेवारी ते मार्च चालते. नव्या वर्षाची वाइन बाजारात आली की लेबलवरचा आकडा बदलतो, आणि जुना फोटो कॅटलॉगमध्ये चालत नाही. तेच काम पुन्हा येतं. अट इतकीच, की नवा फोटो जुन्या पाचांच्या शेजारी लावल्यावर वेगळा दिसता कामा नये.

त्यासाठी एक वही करा. सेट मोडण्याआधी टेपने मोजून लिहा: कॅमेरा बाटलीपासून किती, जमिनीपासून किती उंच, कोणती लेन्स, चौकट किती पुढे किती वर, थर्माकोल कुठे, शटर किती. टेबलावर बाटलीच्या आणि ट्रायपॉडच्या पायांच्या जागी टेपचे तुकडे चिकटवलेले असतील तर त्यांचाही मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. पुढच्या वर्षी सेट लावताना जुना फोटो लॅपटॉपवर उघडा, नवा पहिला फोटो त्याच्या शेजारी ठेवा, आणि कडेची रेघ, लेबलचा रंग, बाटलीची फ्रेममधली उंची जुळेपर्यंत दुसरी बाटली टेबलावर आणू नका.

पुढच्या व्हिडिओत याच सेटवर मधाची बाटली घेणार आहोत, पारदर्शक लेबलवाली. तिथे लेबलमधूनही मागचं दिसतं, त्यामुळे थोडं वेगळं करावं लागतं. तोवर टॉर्चचा प्रयोग करून ठेवा.